धुरक्याचा दोष आणि साथीवरचा आळ

धर्मग्रामाच्या कचेरीत बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदवह्यांशेजारी आणखी एक जाड नोंदवही असते, ती मृतांची. मृताचे नाव, वय, मृत्यूची तारीख, दफनाची तारीख आणि धर्मगुरूची सही यांसाठी तीत रकाने आखलेले असतात. त्यांच्यामध्येच ‘मृत्यूचे कारण’ असा एक अरुंद रकाना असतो. अरुंद एवढ्यासाठीच म्हणायचा की, त्यात एकच शब्द मावतो : न्यूमोनिया, दमा, हृदयविकार, वार्धक्य. डॉक्टरांच्या दाखल्यावर जो शब्द असेल तो आम्ही उतरवून घेतो आणि वही मिटतो.

परंतु माणसाच्या मरणाला खरोखर एकच कारण असते काय? त्या एका शब्दाने दुसरे एखादे कारण झाकले जात असेल, तर त्या कारणाला जबाबदार असलेली माणसेही त्याच्या आड झाकली जातात. हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञानाच्या वर्गातला नाही. सुमारे पाऊणशे वर्षांपूर्वी लंडन शहरात तो हजारो मृतांच्या बाबतीत उभा राहिला. ती माणसे शहरातील विषारी धुराने मेली की फ्लूच्या साथीने, असा तो वाद होता. त्याचा निकाल लागायला जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. शहराची दूषित हवा आणि श्वसनमार्गाचे विषाणू यांचे नाते समजून घेण्यासाठी त्या वादाचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरेल.

पाच दिवसांचा अंधार

लंडनला धुके नवे नव्हते आणि धूरही नवा नव्हता. समुद्रमार्गे येणारा दगडी कोळसा शहरात जाळू नये, अशी आज्ञा चौदाव्या शतकाच्या आरंभीच राजा पहिला एडवर्ड याने काढली होती. तिचा उपयोग फारसा झाला नाही. १६६१ मध्ये जॉन एव्हलिन या विद्वान गृहस्थाने ‘फ्युमिफुजियम’ नावाची पुस्तिका लिहून राजा दुसरा चार्ल्स याच्याकडे गाऱ्हाणे मांडले की, कोळशाच्या धुराने लंडनवासीयांची फुप्फुसे नासत आहेत. तिचाही उपयोग झाला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी धूर आणि धुके यांच्या मिश्रणाला इंग्रजीत ‘स्मॉग’ हे नाव मिळाले. आपण मराठीत त्याला धुरके म्हणतो. नाव मिळाले, उपाय मात्र मिळाला नाही.

१९५२ चा हिवाळा कडक होता. दुसरे महायुद्ध जिंकूनही ब्रिटन कर्जाच्या ओझ्याखाली वाकला होता. परकीय चलन मिळावे म्हणून उत्तम प्रतीचा कोळसा परदेशी धाडला जाई आणि घरोघरच्या शेगड्यांसाठी भुकटीमिश्रित हलका कोळसा उरे. त्यात गंधकाचे प्रमाण बरेच असे. थेम्स नदीच्या काठी कोळशावर चालणारी वीजकेंद्रे होतीच. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये शहरातील अखेरची ट्राम बंद झाली होती आणि तिची जागा डिझेलवर चालणाऱ्या बसगाड्यांनी घेतली होती.

शुक्रवार, ५ डिसेंबर रोजी वारा पडला. एरवी जमिनीलगतची ऊबदार हवा वर जाते आणि धुराला आपल्याबरोबर नेते. त्या दिवशी उलटे घडले. जमिनीलगत थंडगार हवा साचली आणि तिच्यावर ऊबदार हवेचा थर बसला. पातेल्यावर झाकण ठेवावे तसे लंडनवर आकाशाचे झाकण बसले. थंडी वाढली म्हणून लोकांनी अधिक कोळसा जाळला. अधिक कोळसा जळला म्हणून धूर वाढला, आणि तो धूर कोठेही जाईना. ब्रिटिश हवामान खात्याच्या अंदाजानुसार त्या काळात दररोज सुमारे १,००० टन धूरकण हवेत मिसळत होते आणि गंधकाच्या वायूपासून सुमारे ८०० टन सल्फ्युरिक आम्ल तयार होत होते.

भरदिवसा माणसाला स्वतःची पावले दिसेनात. बसच्या पुढे कंडक्टर हातात दिवा घेऊन चालू लागले आणि पुढे बसगाड्याही बंद झाल्या. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात ‘ला ट्राव्हियाटा’ या संगीतिकेचा प्रयोग पहिल्या अंकानंतर थांबवावा लागला, कारण प्रेक्षागृहात शिरलेल्या धुरक्यामुळे रंगमंच दिसेना. अर्ल्स कोर्ट येथे गुरांचे प्रदर्शन भरले होते. तेथील धष्टपुष्ट जनावरे धापा टाकू लागली आणि त्यांतील काही दगावली. हे गुरांचे मरण लोकांच्या चटकन ध्यानात आले. माणसांचे मरण मात्र घराघरांत, रुग्णालयांच्या खाटांवर, एकेकटे आणि मूकपणे घडत होते. मंगळवार, ९ डिसेंबर रोजी वारा सुटला आणि झाकण उघडले.

काय घडून गेले ते पुढे मृत्युनोंदींतून उमगले. १३ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात बृहद् लंडनमध्ये ४,७०३ मृत्यूंची नोंद झाली. आदल्या वर्षी त्याच आठवड्यात हा आकडा १,८५२ होता. श्वासनलिकेच्या दाहाने, म्हणजे ब्राँकायटिसने, होणारे मृत्यू जवळजवळ नऊपट झाले होते. मेलेल्यांत वृद्धांचा आणि आधीच छातीचे दुखणे असलेल्यांचा भरणा अधिक होता, आणि तान्ही बालकेही होती.

आळ कोणावर आला?

लोकसभागृहात प्रश्न विचारले जाऊ लागले. सरकारची प्रथम प्रवृत्ती हात झटकण्याची होती. तेव्हा गृहनिर्माण खात्याचे मंत्री असलेले आणि पुढे पंतप्रधान झालेले हॅरल्ड मॅकमिलन यांनी १९५३ च्या अखेरीस मंत्रिमंडळासाठी एक गोपनीय टिपण लिहिले. आपल्याला यात फारसे काही करता येण्याजोगे नाही, परंतु आपण फार काही करीत आहोत असे दाखवता मात्र येईल, असा त्याचा आशय होता. राज्यकारभारातील एका जुन्या मोहाचे इतके प्रांजळ वर्णन क्वचितच आढळते.

१९५४ मध्ये आरोग्य खात्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. धुरक्यामुळे सुमारे ४,००० माणसे मृत्यू पावली, असे त्यात मान्य करण्यात आले. हा आकडा लहान नव्हता. परंतु अहवालात एक मेख होती. धुरक्याच्या परिणामाची गणती २० डिसेंबरच्या सुमारास थांबवण्यात आली होती. वस्तुतः मृत्यूंचे प्रमाण त्यानंतरही खाली आले नव्हते. जानेवारी आणि फेब्रुवारी १९५३ मध्येही दर आठवड्याला नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक माणसे मरत होती. हे सुमारे ८,००० मृत्यू कोणाच्या खात्यावर टाकायचे? अहवालाने ते फ्लूच्या खात्यावर टाकले.

या हिवाळ्यात इंग्लंडात फ्लू होता, हे खरेच आहे. त्यामुळे हा निष्कर्ष उघड खोटा वाटण्याचे कारण नव्हते. फ्लूचा विषाणू माणसाला सापडला तोही लंडनमधल्याच एका संशोधनसंस्थेत, १९३३ साली. त्यामुळे विषाणू ही काही काल्पनिक बाब नव्हती. परंतु या स्पष्टीकरणाची एक सोय होती, ती आपण ध्यानात घेतली पाहिजे. विषाणूला कोणी निवडून दिलेले नसते. त्याला कोळसा विकायचा नसतो आणि त्याच्यावर खटलाही भरता येत नाही. साथ आली म्हटले की, सर्वांनीच हात जोडावेत आणि दैवाला दोष द्यावा. धूर म्हटला की तो कोणी केला, कोणी होऊ दिला आणि कोणी थांबवला नाही, हे प्रश्न अटळपणे येतात.

फेरतपासणी

जवळजवळ अर्धे शतक हा हिशेब तसाच राहिला. २००१ मध्ये मिशेल बेल आणि डेव्ह्रा डेव्हिस या दोन अमेरिकन संशोधक स्त्रियांनी तो पुन्हा तपासला. यांपैकी डेव्हिस यांचे बालपण पेनसिल्व्हेनिया राज्यातील डोनोरा या गावी गेले होते. त्या गावात ऑक्टोबर १९४८ मध्ये जस्ताच्या आणि पोलादाच्या कारखान्यांचा धूर असाच कोंडून राहिला होता आणि त्यात २० माणसांचा बळी गेला होता. ज्या गावाने हे भोगले होते, त्याच गावच्या मुलीने पुढे लंडनच्या जुन्या नोंदी उघडाव्यात, हा योगायोग मनाला स्पर्श करून जातो.

त्यांनी आठवड्याआठवड्यांचे मृत्यू, रुग्णालयातील प्रवेशासाठी आलेले अर्ज, न्यूमोनियाच्या नोंदी आणि फ्लूच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. डिसेंबर १९५२ ते फेब्रुवारी १९५३ या काळात नेहमीपेक्षा सुमारे १२,००० मृत्यू अधिक झाले होते. हे सर्व जादा मृत्यू फ्लूनेच झाले असे मानायचे, तर त्या वर्षीची साथ नोंदींत दिसते तिच्यापेक्षा कितीतरी पटींनी तीव्र असायला हवी होती. तशी ती नव्हती. २००४ मध्ये त्यांनी या प्रश्नाची आणखी बारकाईने चिकित्सा केली, आणि फ्लूकडे त्या मृत्यूंचा केवळ एक अंशच जाऊ शकतो, असे दाखवून दिले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात असे आढळले की, जी मुले त्या पाच दिवसांत लंडनमध्ये तान्ही होती, त्यांच्यात पुढे बालपणी दम्याचे प्रमाण अधिक राहिले. धुरके पाच दिवसांत गेले. त्याने केलेली इजा मात्र फुप्फुसांत राहून गेली.

येथे वाचकांनी एक चूक टाळावी. ‘फ्लू नव्हता, सगळे धुराने झाले’ असे म्हणून आपणही एकाच शब्दाच्या रकान्यात अडकू नये. खरा बोध याहून सूक्ष्म आहे. धूर आणि विषाणू हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत, ते एकमेकांचे साथीदार असतात. हे कसे, ते समजण्यासाठी आपल्या छातीत डोकवावे लागेल.

द्वारपाल जखमी होतो तेव्हा

निर्मात्याने आपल्या श्वासनलिकेत मोठा चोख बंदोबस्त ठेवला आहे. नलिकेच्या आतील अस्तरावर चिकट स्रावाचा पातळ थर असतो. श्वासाबरोबर येणारी धूळ आणि जंतू त्याला चिकटतात. या थराखाली असंख्य सूक्ष्म केसांची लव असते. ही लव वाऱ्यावर डोलणाऱ्या भातशेतीसारखी एका लयीत हलते आणि तो मळ घशाकडे ढकलत राहते. याउपरही जे फुप्फुसांच्या खोल कप्प्यांत शिरते, त्याला तेथील भक्षक पेशी गिळून टाकतात. घरात जसा झाडू आणि दारावर जसा पहारेकरी, तशी ही व्यवस्था आहे.

दूषित हवा नेमकी हीच व्यवस्था मोडते. गंधकाचा वायू, वाहनांच्या धुरातील नायट्रोजन डायऑक्साइड आणि अतिसूक्ष्म धूलिकण यांमुळे अस्तराला सूज येते, त्या सूक्ष्म केसांची हालचाल मंदावते आणि भक्षक पेशी काजळी गिळता गिळता थकून जातात. हे धूलिकण अडीच मायक्रॉनहून लहान, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही बारीक असतात. म्हणून ते फुप्फुसांच्या अगदी तळापर्यंत पोहोचतात. अशा छातीत जेव्हा विषाणू येतो, तेव्हा त्याला दार उघडे आणि पहारेकरी जखमी सापडतो. एरवी चार दिवसांत बरा झाला असता असा ताप न्यूमोनियात बदलतो. शिवाय हवा वाईट असली की, माणसे खिडक्या लावून एका खोलीत बसतात. तेव्हा एकाचा खोकला दुसऱ्याला बाधणे आणखी सोपे जाते.

धुराची इजा भरून यायला वेळ लागतो, हेही महत्त्वाचे आहे. डिसेंबरच्या धुरक्यात जखमी झालेली छाती जानेवारीच्या फ्लूला बळी पडली, तर दाखल्यावर ‘फ्लू’ असेच लिहिले जाणार. लिहिणारा डॉक्टर खोटे लिहीत नसतो. तरीही तो शब्द अपुरा असतो.

सेमिनरीत आम्हांला कार्यकारणभावाचा अभ्यास करताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक दृष्टान्त शिकवला जाई. खांबावर एक दगड ठेवलेला आहे. कोणी तो खांब काढून घेतला, तर दगड खाली पडतो. दगड पडतो तो स्वतःच्या भाराने, परंतु खांब काढणाराही त्या पडण्याला कारण होतो. अडसर दूर करणारा हाही एक प्रकारचा कर्ताच असतो. आदिपापाने मरण मानवात कसे आले, हे विशद करताना संत थॉमस यांनी हा दृष्टान्त योजला आहे. विद्यार्थिदशेत तो मला रुक्ष वाटला होता. लंडनचा इतिहास वाचताना मात्र त्याचा अर्थ लख्ख उमगला. विषाणू हा दगड आणि धूर हा खांब काढणारा.

तोच वाद, दुसऱ्या खोऱ्यात

‘साथीवर आळ’ घेण्याची ही रीत लंडनपुरती राहिली नाही. अमेरिकेतील यूटा राज्यात, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या एका खोऱ्यात, जिनीव्हा नावाचा मोठा पोलाद कारखाना होता. हिवाळ्यात तेथेही थंड हवा खोऱ्यात कोंडून राही. ऑगस्ट १९८६ मध्ये मालक आणि कामगार यांच्यातील तंट्यामुळे तो कारखाना बंद पडला आणि सप्टेंबर १९८७ मध्ये नव्या मालकांच्या हाती पुन्हा सुरू झाला. म्हणजे मधला एक पूर्ण हिवाळा त्या खोऱ्याला कारखान्याच्या धुराविना मिळाला. कोणत्याही प्रयोगशाळेत करता आला नसता असा प्रयोग आपोआप घडून आला.

जवळच्या ब्रिगॅम यंग विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक आर्डेन पोप यांनी रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या. कारखाना चालू असतानाच्या हिवाळ्यांत ब्राँकायटिस, न्यूमोनिया आणि दमा यांसाठी दाखल होणाऱ्या मुलांची संख्या बंद हिवाळ्याच्या दोन ते तीन पट होती. हा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या खोऱ्यातील बहुसंख्य लोक मॉर्मन पंथाचे असून त्या पंथात धूम्रपान वर्ज्य आहे. त्यामुळे तंबाखूकडे बोट दाखवण्याची सोय नव्हती.

तेव्हा बोट विषाणूकडे दाखवण्यात आले. बंद हिवाळ्यात मुलांमध्ये आढळणाऱ्या श्वसनविकाराच्या एका विषाणूची साथच कमी होती, म्हणून रुग्णालये ओस होती, असा प्रतिवाद १९९४ मध्ये मांडला गेला. पुढे संशोधकांनी त्या तिन्ही काळांत, म्हणजे कारखाना बंद होण्यापूर्वी, बंद असताना आणि पुन्हा सुरू झाल्यावर, गाळणकागदांवर जमा झालेली धूळ जपून ठेवलेली होती ती तपासली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्या धुळीतून काढलेला अर्क स्वयंसेवकांच्या फुप्फुसांत अत्यल्प मात्रेत सोडण्यात आला. कारखाना चालू असतानाच्या धुळीने दाह निर्माण झाला, बंद काळातील धुळीने तसा झाला नाही. धुळीने स्वतःच साक्ष दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

१९१८ आणि २०२०

या प्रकाशात जुन्या साथींकडेही पुन्हा पाहिले जात आहे. १९१८ च्या भयंकर इन्फ्लुएन्झाचा अभ्यास करताना तीन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील १८३ शहरांची तुलना केली. ज्या शहरांत कोळशावर चालणारी वीजकेंद्रे अधिक, तेथे साथीचा संहार अधिक, असे त्यांना आढळले. अधिक धुराच्या शहरांतील कोळसा-वीज मध्यम पातळीवर आणली गेली असती, तर ३,४०० ते ५,८६० माणसे वाचली असती, असा त्यांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. पोलादनगरी पिट्सबर्ग ही त्या साथीत सर्वाधिक होरपळलेल्या अमेरिकन शहरांपैकी एक होती.

तीच साथ जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीतून आपल्या देशात शिरली. शहराचे आरोग्य अधिकारी टर्नर यांना ती रात्री येणाऱ्या चोरासारखी वाटली. पौलाच्या पत्रातील हा दृष्टान्त सरकारी अहवालात वाचून मन चरकते. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ माणसे मेली. मुंबई तेव्हा गिरण्यांच्या धुराड्यांचे शहर होते. धुराच्या उपद्रवाविरुद्ध १९१२ मध्ये येथे कायदाही करण्यात आला होता. परंतु मुंबईच्या मृत्यूंचा दोष एकट्या धुराला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महाग होते, चाळींतील एकेका खोलीत माणसे दाटीने राहत होती. युरोपीयांमध्ये दर हजारी ८.३ मृत्यू झाले, तर ज्यांना तेव्हाचे अहवाल खालच्या जातींचे हिंदू म्हणत, त्यांच्यात दर हजारी ६१.६. विषाणू एकच होता, खांब मात्र गरिबांच्याच डोक्यावरचे काढून घेतलेले होते. उपासमार, दाटी आणि अज्ञान या खांब काढणाऱ्यांच्या टोळीत धूरही असतो, एवढेच आपण म्हणू.

कोविडची महासाथ आपण सर्वांनी भोगली आहे. २०२० च्या मार्चमध्ये इटलीतील बेर्गामो या शहरातून शवपेट्यांनी भरलेली लष्करी वाहने निघाली, ते दृश्य आपण पाहिले. संतपदाला पोहोचलेले पोप तेविसावे जॉन याच धर्मप्रांताचे सुपुत्र. त्या धर्मप्रांतातील वीसहून अधिक धर्मगुरू काही आठवड्यांत मरण पावले. उत्तर इटलीतील पो नदीचे खोरे आल्प्सच्या कुशीत असल्यामुळे युरोपातील अतिप्रदूषित प्रदेशांत गणले जाते. म्हणून धूळच विषाणूला वाहून नेते की काय, अशीही शंका तेव्हा घेतली गेली. तिला भक्कम पुरावा मिळाला नाही. साथ पसरते ती मुख्यतः माणसाच्या श्वासातून माणसाकडे. मात्र अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हवेतील सूक्ष्म धूलिकणांची दीर्घकालीन पातळी दर घनमीटरला एका मायक्रोग्रॅमने अधिक असलेल्या ठिकाणी कोविडच्या मृत्यूंचा दर ११ टक्के अधिक आढळला. ही तुलना जिल्ह्याजिल्ह्यांची होती, व्यक्तीव्यक्तींची नव्हे, म्हणून ती सावधपणे वाचली पाहिजे. तरीही लंडन, यूटा आणि १९१८ ची शहरे यांच्या शेजारी ती ठेवली की, दिशा एकच दिसते.

कायदा आणि विवेक

लंडनच्या कथेचा उत्तरार्ध आशादायक आहे. जनमताच्या रेट्यामुळे जुलै १९५३ मध्ये सरकारला सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ज्या गिनेस कंपनीने विक्रमांचे पुस्तक काढले तिचे हे व्यवस्थापकीय संचालक. केवळ काम केल्याचा देखावा म्हणून नेमलेल्या समितीने खरोखरच काम केले. घरगुती धूर हाच मोठा अपराधी आहे, असे तिने नोव्हेंबर १९५४ च्या अंतिम अहवालात स्पष्टपणे सांगितले. तरी सरकार हलेना, तेव्हा सर जेराल्ड नबारो यांनी खासगी विधेयक आणून रेटा लावला. अखेर जुलै १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. धूरबंदीचे विभाग आखण्यात आले आणि घरातील शेगडी बदलण्याच्या खर्चाचा किमान सात-दशांश भाग कुटुंबाला मिळू लागला. डिसेंबर १९६२ मध्ये लंडनवर पुन्हा तसेच झाकण बसले. त्याही वेळी माणसे मेली, परंतु ती हजारांत नव्हे तर शेकड्यांत मोजावी लागली.

या कायद्यातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. शेगडी पेटवणाऱ्या गरीब कुटुंबाला त्याने गुन्हेगार ठरवले नाही. थंडीत कुडकुडणारी आई मुलासाठी शेगडी पेटवते, तेव्हा ती पाप करीत नसते. तिला दुसरा पर्याय न देणारे मात्र आपल्या जबाबदारीतून सुटत नाहीत. आपले नीतिशास्त्र कृतीच्या पापाबरोबर कर्तव्य न करण्याचेही पाप सांगते, आणि प्रत्येक मिस्साच्या आरंभी आपण त्याचीही कबुली देतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लौदातो सी’ या परिपत्रकात हवेच्या प्रदूषणाचा उल्लेख आरंभीच्या प्रकरणातच केला आणि स्वयंपाकाच्या व शेकोटीच्या धुराने आजारी पडणाऱ्या गरिबांची आठवण ठेवली. तरुणपणी श्वसनविकारामुळे ज्यांच्या फुप्फुसाचा काही भाग काढावा लागला होता, त्यांना श्वासाचे मोल कोणी शिकवायला नको होते.

उत्पत्तीच्या पुस्तकात देव मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो. हिब्रू भाषेत वारा, श्वास आणि आत्मा यांना ‘रुआह’ हा एकच शब्द आहे. श्वास ही देवाची पहिली देणगी आहे. ती प्रत्येकाला विनामूल्य मिळते, आणि म्हणूनच ती राखण्याचे कोणालाच सुचत नाही.

नोव्हेंबर हा ख्रिस्तसभेत मृतांच्या स्मरणाचा महिना असतो. आपल्या मुंबई-वसई भागात पाऊस सरून वारे मंदावतात आणि हवा गढूळ होऊ लागते, तीही याच सुमारास. बांधकामांची धूळ, वाहनांचा धूर आणि पेटवलेला कचरा यांमुळे मुंबईची हवा इतकी बिघडली की, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. म्हणजे आपल्याकडेही झाकण बसू लागले आहे. आपल्या अंगणातला पालापाचोळा आणि प्लॅस्टिक न जाळणे, चुलीच्या धुरात उभ्या असलेल्या माउलीला गॅस मिळवून देणे, घरातील वृद्धांना आणि दमेकऱ्यांना थंडीपूर्वी फ्लूची लस देण्याविषयी डॉक्टरांना विचारणे, आणि बांधकामाच्या धुळीविषयी नगरपालिकेकडे चार शेजाऱ्यांनी मिळून अर्ज करणे, एवढे तरी प्रत्येक धर्मग्रामाला करता येईल. लंडनला शहाणपण आले ते १२,००० माणसे गमावल्यावर. आपण तेवढी किंमत मोजण्याची वाट पाहू नये.

कचेरीतल्या त्या नोंदवहीतील अरुंद रकाना मी रुंद करू शकत नाही. ‘न्यूमोनिया’ असा दाखला आला की तोच शब्द मला लिहावा लागेल. पण तो लिहिताना आता माझी लेखणी क्षणभर थांबते. या दगडाखालचा खांब कोणी काढला, आणि तो काढताना पाहूनही मी गप्प राहिलो काय, असा प्रश्न मी स्वतःला विचारतो. माझ्या वाचकांनीही मृतांसाठी प्रार्थना करताना तो स्वतःला विचारावा, एवढीच विनंती.